विजयंताचं झाकण

शनिवारी दुपारी साडेचारला वाकळे मामांनी आमच्या कंपनीच्या गेटवर माझा रणगाडा अडवला.

रणगाडा वीतभर लांबीचा, राखाडी प्लास्टिकचा. बुटाच्या जुन्या खोक्यात कापूस घालून मी तो घरी न्यायला निघालो होतो. बेगमला दाखवायचा होता. वाकळे मामा म्हणजे आमचे गेटवरचे सिक्युरिटी गार्ड, मिलिटरीतून रिटायर झालेले. चिकलठाण्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या गेटवर अशीच माजी सैनिक मंडळी असतात. आमच्याकडं नियम असा, की बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, मग तो साधा स्क्रू का असेना, गेट पासवर लिहिलेली पाहिजे. गार्डनं खोकं उघडायचं, नग मोजायचा, मगच सही करायची आणि पास गेटवर जमा करून घ्यायचा. मामा मालकांचा टिफिनसुद्धा उघडून बघतात.

पासवर मी लिहिलं होतं, ‘टेस्ट शॉट, विजयंता, नग १, परत येणार.’ मामांनी खोकं उघडलं. एरवी त्यांना पाच सेकंद लागतात. त्या दिवशी ते बघतच राहिले. खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि परत बघायला लागले.

"काय झालं मामा? नग एकच आहे."

"नग एकच हाय. पर कदीरभाई, ह्यात ड्रायव्हर कुठून चढायचा?"

मी हसलो. "झाकणातून चढायचा. आणखी कुठून?"

"मग झाकण दावा."

मी पुढच्या उजव्या अंगाच्या चौकोनी पट्टीवर बोट ठेवलं. मामांनी मान हलवली.

"हे झाकण नाय. झाकणाच्या जागी पत्रा ठेवून वरून वेल्डिंग मारलंय. आत माणूस असला तर मेला की तो."

"तुम्हाला काय माहीत?" माझा आवाज चढलाच. आठ महिन्यांची मेहनत होती.

"मला नाय तर कुणाला?" मामा शांतपणे म्हणाले. "अठरा वरसं त्याच भोकातून चढलो-उतरलो. दफेदार होतो मी. ड्रायव्हर."

रणगाड्यांच्या दलात हवालदाराला दफेदार म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ वर्षं मी रोज सकाळी ह्या माणसाला सलाम करत होतो. मिलिटरीत होता एवढं माहीत होतं. तिथं काय करत होता, हे कधी विचारलं नव्हतं. खोकं घेऊन मी परत आत गेलो.

आता मागचं सांगतो, म्हणजे मी खोकं घेऊन परत का फिरलो ते समजेल.

मी कदीर शेख. चौतीस वर्षं टूलरूममध्ये आहे. टूलरूम म्हणजे जिथं मोल्ड बनतात ती जागा, आणि मोल्ड म्हणजे पोलादाचा साचा. तुमच्या घरातली बादली, मिक्सरचं झाकण, गाडीचा डॅशबोर्ड, सगळं अशा साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून तयार होतं. साचा दोन भागांचा असतो. एका भागात वस्तूची बाहेरची बाजू कोरलेली असते, त्याला कॅव्हिटी म्हणायचं. दुसरा भाग वस्तूच्या आतली बाजू घडवतो, तो कोअर. साचा तयार झाला की पहिल्यांदा मशीनवर चढवून जो नग काढतात तो टेस्ट शॉट. माझा एकही मोल्ड गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. ह्याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. महिनाअखेरीला रिटायर होणार होतो. विजयंता माझा शेवटचा मोल्ड.

हे काम आणलं डॉक्टर मेघना जाधव यांनी. औरंगपुऱ्यात त्यांचा दातांचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांच्या दाढा, आणि फुरसत मिळाली की रणगाडे. प्लास्टिकचे भाग जोडून खऱ्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची, रंगवायची, असा त्यांचा छंद. त्या भागांचा जो डबा मिळतो त्याला किट म्हणतात. खरा रणगाडा पस्तीस फूट असेल तर किट एक फुटाचं, हा त्यातला चालू हिशेब. पहिल्या दिवशी त्या आमच्या केबिनमध्ये बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत.

"कदीरभाई, जर्मनांच्या एकेका रणगाड्याची डझनानं किट मिळतात," त्या म्हणाल्या. "जे रणगाडे फक्त कागदावर राहिले, कारखान्यातून बाहेरच पडले नाहीत, त्यांचीसुद्धा मिळतात. आणि विजयंता? आपल्या देशात तयार झालेला पहिला रणगाडा. आपल्या माणसांनी वर्षानुवर्षं चालवला. त्याचं प्लास्टिकचं धड किट मला अजून मिळालेलं नाही. रशियन रणगाडा आणायचा आणि त्याच्यावर तिरंगा रंगवायचा, असं किती दिवस चालवायचं?"

आमचे मालक काळे साहेब नाखूश होते. "कदीरभाई, डॅशबोर्डची कामं सोडून खेळणी करायची का?"

"साहेब, डॅशबोर्ड अर्धा मिलिमीटर चुकला तर कुणी बघत नाही. हे लोक भिंग लावून बघतात. मला करू द्या."

"बरं. तुमची रिटायरमेंटची भेट समजा," साहेब म्हणाले.

ड्रॉइंग मिळेना. म्युझियममधला रणगाडा रेलिंगच्या बाहेरून बघायचा, वर चढू देत नाहीत. मग एका तालुक्याच्या गावी चौकात उभा केलेला विजयंता सापडला. नगरपरिषदेनं परवानगी दिली, वर शिडीही दिली. मी आणि डॉक्टर दोन दिवस त्याच्यावर चढून होतो. समोरच्या पानवाल्यानं तीनदा येऊन विचारलं, "इकायला काढला का?" दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला हिरवा रंग मारून मारून त्याच्यावर रंगाची भाकरी चढली होती. ती जागोजागी खरवडून आम्ही खालच्या लोखंडाची मापं घेतली. काही सोडलं नाही.

आमच्या धंद्याची एक सवय सांगतो. नमुना म्हणजे शेवटचा शब्द. गिऱ्हाईक नमुना देतं आणि आम्ही तसाच्या तसा बनवतो, अक्कल चालवायची नाही. मी नवा होतो तेव्हा एक हँडल नमुन्याला आलं होतं. ते जरा वाकडं होतं. मी पन्नासच्या पन्नास हँडल वाकडी केली. फोरमननं पाठ थोपटली. नंतर कळलं की नमुना गिऱ्हाइकाच्या स्कूटरवरून पडून वाकला होता. गिऱ्हाईक लई बोललं, पण फोरमन शेवटपर्यंत म्हणत राहिला की कदीरची चूक नाही, नमुनाच तसा होता. ते शब्द माझ्या डोक्यात पक्के बसले.

तर त्या रणगाड्याच्या पुढच्या उजव्या अंगाला एक जाड पत्रा होता आणि चहूबाजूंनी वेल्डिंगची उंच रेघ. आम्हाला वाटलं हेच ड्रायव्हरचं झाकण. डॉक्टरांकडं परेडचे फोटो होते, पण सगळ्यांत झाकण उघडं आणि ड्रायव्हरचं डोकं बाहेर. झाकण दिसणार कुठून? ती वेल्डिंगची रेघ मला फार आवडली होती. हाताची ओढ अगदी स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी दातांचं माप घ्यायचा लगदा सोबत आणला होता. तो रेघेवर दाबून त्यांनी ठसा घेतला. त्या ठशावरून मी पोलादात तीच रेघ अशी उतरवली, की टेस्ट शॉट बघून डॉक्टरांनी मोबाइलवर लिहिलं, ‘वेल्डिंग बघून जीव सुखावला. ओके.’

आणि वाकळे मामा सांगत होते, की पोरांनी आत शिरू नये, पावसाचं पाणी जाऊ नये, म्हणून रणगाडा चौकात बसवताना कुण्या फॅब्रिकेशनवाल्यानं ते भोक बंद केलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्याचं वेल्डिंग अजरामर करायचं ठरवलं होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं.

"डॉक्टरांनी ओके दिलंय ना?" साहेबांनी विचारलं.

"दिलंय."

"त्या खूश, मी खूश. तुम्ही कशाला खाजवून काढताय?"

"चौतीस वर्षांत माझा मोल्ड परत आला नाही साहेब."

"हाही येणार नाही. कुणाला कळणार आहे?"

"वाकळेंना कळलं."

"कोण, गेटवरचे?"

"तेच. गेट ओलांडायच्या आत कळलं साहेब. बाहेर तर असे किती ड्रायव्हर असतील."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाले, "येत्या शुक्रवारी मोल्ड मोल्डिंगवाल्याकडं गेला पाहिजे, त्याचं मशीन ठरलंय. तोवर काय करायचं ते करा. पण बिघडला तर डॉक्टरांना तोंड तुम्ही दाखवायचं."

बिघडण्याची भीती खरी होती. मोल्डमधलं पोलाद काढता येतं, परत घालता येत नाही. प्लास्टिकवर काही वाढवायचं असेल तर सोपं, पोलाद आणखी कोरायचं. पण प्लास्टिकवरचं काही घालवायचं असेल तर पोलाद भरावं लागतं. तिथं वेल्डिंग केलं तर मोल्ड तापून वाकायची भीती. आमचा तो पत्रा आणि लाडकी रेघ घालवायची होती, म्हणजे नेमकं अवघड काम. आणि मोल्ड गेला असता तर दुसरा करायचं पैशाचं बळ डॉक्टरांकडं नव्हतं. मग विजयंताचं किट राहिलंच असतं.

सोमवारी सकाळी पेशंट सुरू व्हायच्या आधी डॉक्टर आल्या. मी सांगितलं. त्यांनी टेस्ट शॉट उचलून त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मी त्याचा ठसा घेतला, कदीरभाई," त्या म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू आलं नाही. "आधी एखाद्या ड्रायव्हरला विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या गेटवर होता. माझ्याही आलं नाही."

मामांना आत बोलावलं. गेट सोडून ते शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, आले तेव्हा जरा अवघडले होते. डॉक्टरांनी विचारलं, "दफेदार साहेब, ते झाकण कसं होतं ते आठवतं तुम्हाला?"

कंपनीत त्यांना कुणी दफेदार साहेब म्हटलं नव्हतं. मामांनी टोपी नीट केली.

"आठवायचं काय त्यात? खडू द्या."

शॉपफ्लोअरवर मोकळी जागा होती, तिथं त्यांनी गुडघ्यावर बसून खऱ्या आकारात खडूनं काढायला सुरुवात केली. आधी भोक. मग आत एक स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. "इथं डावा खांदा घासायचा," म्हणून रेघ थोडी आत घेतली. "हिवाळ्यात कोट असला की दोन्ही खांदं घासायचं." मग झाकण काढलं, त्याची मूठ काढली. शेवटी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरले. "आन हितं काच. पेरिस्कोप. झाकण लावलं की दुनिया एवढीच."

मी टेप घेऊन त्यांच्या तळहातांमधलं अंतर मोजलं. त्यांना हात खाली घ्यायला लावले, मेथीच्या भावाचं काहीतरी विचारलं, मग परत हात धरायला सांगितले. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा फरक तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. आमच्याकडचे काही गेज, म्हणजे माप तपासायची हत्यारं, इतका सारखा आकडा देत नाहीत.

तरी मी म्हणालो, "मामा, राग मानू नका. मला दुसरा पुरावा पाहिजे. एकदा नमुन्यावर भरवसा ठेवून फसलोय."

"राग कशाचा? पास बघितल्याबिगर मी तरी सोडतो का कुणाला?"

मामांचा एक जुना जोडीदार साताऱ्याकडं असतो. मंगळवारी दुपारी त्याच्याकडून मामांच्या मोबाइलवर एक फोटो आला. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, उभं राहून खाली घेतलेला. मिसरूड फुटलेले वाकळे शेजारी उकिडवे बसलेत, आणि बंद झाकणाचं टेबल करून त्यावर चहाचा मग ठेवलाय. पांढरा, निळ्या काठाचा, एनॅमलचा. झाकण पुरतं दिसत होतं. पण फोटोतून माप काढायचं तर त्यातल्या एका तरी वस्तूचं खरं माप पाहिजे.

"तो चहाचा मग केवढा होता मामा?"

"होता म्हंजे? त्यो काय टेबलावर."

नऊ वर्षं गेटच्या टेबलावर तो मग होता. मी कितीदा त्यातून त्यांना चहा पिताना पाहिलं असेल. मी कॅलिपर आणला आणि मगाचा काठ मोजला. फोटोत किती मग मिळून झाकणाची रुंदी होते ते काढलं. खडूचं माप आणि मगाचं माप, दोन्हींत आठ मिलिमीटरचा फरक निघाला. पस्तिसाव्या भागात तो पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्या वर्षांनंतर तो माणूस अंदाजानं आठ मिलिमीटरवर आला होता. मला खरंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता काम माझं. वेल्डिंग करायचं नाही, हे मी रविवारीच ठरवलं होतं. कॅव्हिटीमधली तेवढी जागा आरपार कापून काढायची आणि तिथं पोलादाचा नवा तुकडा बसवायचा. त्याला इन्सर्ट म्हणतात. हा इन्सर्ट थेट कोअरला टेकवला की तिथं प्लास्टिक जात नाही आणि नगाला भोक पडतं. म्हणजे भोक खरं, आणि झाकण वेगळा भाग. किटच्या छोट्या भागांचा मोल्ड वेगळा होता, त्यात एक कोपरा मोकळा होता, तिथं झाकण आणि पेरिस्कोप कोरता येणार होते. किट जोडणाऱ्यानं हवं तर उघडं लावावं, हवं तर बंद.

अडचण एकच. मोल्ड थंड ठेवायला पोलादातून पाणी फिरवतात, त्याची भोकं आत असतात. त्यातलं एक त्याच कोपऱ्याजवळून जात होतं. ड्रॉइंगप्रमाणे मध्ये चार मिलिमीटर पोलाद उरत होतं. लांब ड्रिल आत जाताना थोडं तरी वाकतं, हे मला माहीत होतं. ते भोक मीच मारलं होतं. आता तीनच उरलं असेल की दोन, हे वरून दिसत नाही. भोक फुटलं तर मोल्ड भंगारात.

बुधवारी सकाळी वायरकटवर मोल्ड चढवला. ह्या मशीनवर केसासारखी बारीक तार विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कापत जाते. मशीन चालवणारा रमेश म्हणाला, "काका, तुम्ही जाऊन बसा. तुमच्याकडं बघून माझा हात थरथरतोय."

"हात तुझा कुठं लागतोय? मशीन कापतंय."

"तरी पण जा."

मी गेलो नाही. पाच तास उभा राहिलो. कापलेला तुकडा सुटून हातात आला तेव्हा मी खिशातली बारीक बॅटरी लावून भिंत बघितली. कोरडी आणि सलग. त्या रात्री थांबून मी छोट्या भागांच्या मोल्डमध्ये झाकण आणि पेरिस्कोप कोरले, आणि कापलेल्या जागी नवीन इन्सर्ट बसवायला गुरुवारची दुपार झाली. तेल लावून वर ठेवला की दाबायचा नाही. आपल्या वजनानं सावकाश खाली गेला पाहिजे आणि अडकला नाही पाहिजे. माझा गेला. रमेशनं मला चहा आणून दिला.

चार वाजता दुसरा टेस्ट शॉट निघाला. डॉक्टर दवाखान्यातून सरळ आल्या होत्या. डोळ्यांवर दात बघायचं भिंग चढवलं, आणि कीड शोधायची ती टोकदार सळई घेऊन इन्सर्टच्या कडेनं नगावर फिरवायला लागल्या. कुठं जोड उमटला असेल तर सळई तिथं अडकणार. साहेबही येऊन उभे होते. एक फेरी झाली. उलटी दुसरी झाली.

"कुठंच अडकत नाही," त्या म्हणाल्या. "कदीरभाई, असं फिलिंग मला एकदा तरी जमलं पाहिजे."

ह्या वाक्यासाठी मी आणखी चौतीस वर्षं काम केलं असतं. तिथं बोललो नाही, इथं लिहितो.

मामांची ड्यूटी संपत होती. त्यांना बोलावलं. डॉक्टरांनी चिमटा पुढं केला. मामांनी तो घेतला नाही. करंगळीच्या नखानं त्यांनी झाकण उचललं, बाजूला केलं, भोकात बघितलं, परत लावलं. परत उचललं. एवढ्याशा भोकात बघायला त्यांना मान वाकवावी लागली.

"आता बसता येतंय," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

काळे साहेब डॉक्टरांकडं वळले. "डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात, विजयंताच्या सांगाड्यावर लांब नळीची तोफ बसवलेली गाडीपण होती म्हणून. तिचंही किट नाही का कुठं?"

"तेही नाही मिळत साहेब."

"कदीरभाई, तुमचं रिटायरमेंट जरा पुढं ढकलायचं का?"

मी सोमवारी सांगतो म्हणालो. बेगमला विचारल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही.

शुक्रवारी दुपारी मोल्ड टेम्पोत चढला आणि वेळेत गेला. संध्याकाळी मी तेच बुटाचं खोकं घेऊन गेटवर आलो. पासवर लिहिलं होतं, ‘टेस्ट शॉट, विजयंता, नग १.’ मामांनी खोकं उघडलं, चष्मा लावला, नग मोजला. मग पासवर ‘नग १’च्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘ड्रायव्हरसह’, आणि सही केली. सहीपुढं पहिल्यांदाच दफेदार लिहिलं होतं. तो पास मी परत जमा केला नाही. नियम मोडला, पण अडवणारा माणूस बाजूला बघत होता.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून नवीन पोरांना सांगण्यासारखं माझ्याकडं एकच आहे. नमुन्याला टेप लावायच्या आधी त्यात बसून आलेला माणूस शोधा. लांब जाऊ नका, आधी गेटवर विचारा.